हुलगा, बाजरी आणि बांधावरची भाजी : स्वस्त ताटाचा जुना हिशोब



आज पिकावर नाही, ताटावर लिहितोय. जरा लांबलंय. उसाला पाणी धरून झालं की निवांत वाचा.

गेल्या आषाढातली गोष्ट. माझी धाकटी लेक शिक्रापूरला कॉलेजला जाते. एक दिवस एसटीतून उतरताना तिला चक्कर आली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, खाण्याकडे लक्ष द्या म्हणाले. ते बरोबरच होतं. मग मीच शहाणपणा केला. कुणी सांगितलं खजूर आणा, कुणी सांगितलं काळ्या मनुका, कुणी डाळिंब, कुणी पावडरचा डबा. एका संध्याकाळी बाराशे रुपये घालवून पिशवी घरी आणली.

आई ओट्यावर बसली होती. ऐंशीच्या पुढं आहे. तिनं पिशवीत डोकावलं आणि एवढंच विचारलं, "हुलगं हायत का घरात?"

नव्हते. बाजरीही नव्हती, गव्हाचं पीठ होतं. तीन एकर ऊस, अर्धा एकर कांदा, दोन म्हशी. दूध डेअरीला आणि घरात चहापुरतं. ज्या शेतातून आईनं आम्हा भावंडांना वाढवलं, त्याच शेतात लेकीच्या ताटात वाढण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी आठवडे बाजारातून अर्धा किलो हुलगा विकत आणला. शेतकऱ्यानं हुलगा विकत आणला! पाकिटावर पत्ता दुसऱ्या राज्यातला. मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू.

तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न होता. हे ताट गेलं कधी आणि कशानं? जमेल तसं वाचलं, म्हाताऱ्या माणसांना विचारलं. आमच्या वढूला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे, त्यामुळे इतिहास इथल्या पोरासोरांच्याही तोंडी असतो. पोटाचा इतिहास मात्र कुणी विचारत नाही. तो थोडा सांगतो.

*इनामगावची चूल*

आपल्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळात तिथं शेतकऱ्यांची वस्ती होती. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी आपल्या तालुक्यात घरं होती, धान्याचं कोठार होतं आणि नदीचं पाणी वळवायला पाटही काढलेला होता.

तिथल्या राखेत जळके दाणे सापडले. मुख्य पीक सातू, म्हणजे जव. त्याबरोबर गहू, मसूर, वाटाणा आणि कुळीथ. कुळीथ म्हणजे आपला हुलगाच. बोराच्या बियाही निघाल्या. एक तृणधान्य, दोन-चार कडधान्यं आणि रानातलं फळ, असं ते ताट. आपल्या आज्यांचं ताट याहून फार वेगळं नव्हतं, फक्त सातूच्या जागी बाजरी आली. बाजरी मूळची आफ्रिकेची, पण इथं येऊन तिला हजारो वर्षं झाली. ज्या शेंगदाण्याशिवाय आपलं पान हलत नाही तो आणि मिरची मात्र अमेरिकेतून आलेली, गेल्या चार-पाचशे वर्षांतली. म्हणजे जुनं तेवढं आपलं असंही नाही. जमिनीला आणि पोटाला जे मानवलं ते आपलं झालं.

इनामगावची आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुलं सापडली. शेवटच्या काळात पाऊसमान घटलं, चौकोनी मोठी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती कमी होऊन शिकार आणि रानातल्या गोळा केलेल्या खाण्यावर भर वाढला आणि शेवटी गाव उठलं. खाण्याचा प्रश्न आपल्या तालुक्याला आजचा नाही.

*एक पौंड धान्याचं भांडण*

आता एकदम जवळ येतो, इंग्रजांच्या काळात. १८७४ च्या डिसेंबरात आपल्याच तालुक्यातल्या करडे गावानं सावकारावर बहिष्कार टाकला. पुढं १२ मे १८७५ ला सुप्याला सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले गेले, ते दख्खनचे दंगे म्हणून प्रसिद्ध आहेत. सारा रोख भरायचा, कर्ज वाढलेलं, खळ्यावरचं चांगलं धान्य परस्पर जायचं. मग घरात काय राहत असेल? माझा अंदाज असा, की बाजारात ज्याला कुणी विचारत नव्हतं ते राहत असेल. हुलगा, मटकी, बांधावरची भाजी.

लगेच १८७६-७७ चा मोठा दुष्काळ आला. सरकारनं कामं काढली. खर्च वाचवायला सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्यानं मजुरी खाली आणली. गड्याला दिवसाला एक पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम धान्य आणि वर किरकोळ पैसे. खडी फोडणाऱ्या माणसाला साडेचारशे ग्रॅम! मुंबई इलाख्यात हजारो मजूर ही मजुरी नाकारून कामावरून उठून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढं मांडली.

तिकडं मद्रास इलाख्यात कॉर्निश नावाचा आरोग्य खात्याचा डॉक्टर होता. त्यानं टेंपलला विरोध केला. त्याचं म्हणणं, कमीत कमी दीड पौंड धान्य द्या, आणि नुसतं धान्य देऊन भागणार नाही, त्याबरोबर प्रथिनं मिळतील असं काही आणि भाजीपाला द्या. १८७७ च्या मार्चमध्ये मद्रास सरकारनं थोडं ऐकलं. रोज ५७० ग्रॅम धान्य आणि ४३ ग्रॅम डाळ. ४३ ग्रॅम म्हणजे जेमतेम एक मूठ, पण त्या मुठीसाठी एवढं भांडावं लागलं.

मंडळी, हे नीट लक्षात घ्या. पोट भरणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं, ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी सरकारदरबारी लिहून झालेली आहे. धान्य, डाळ, पाला. या तिन्हींतलं एक काढलं की माणूस जेवूनही खंगतो.

*बहात्तर*

बहात्तरला मी अंगावर पिणारा होतो. आई मला पाठुंगळी बांधून खडी फोडायला जायची. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. रोजगार हमीची योजना त्याच काळात उभी राहिली. वि. स. पागे यांचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे, वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते.

आई सांगते, "इहिरीत थोडं पानी हुतं, पर कनगीत दाना न्हवता." रेशनला अमेरिकेचा लाल मिलो आला. मिलो म्हणजे ज्वारीचीच एक जात, पण त्याची भाकरी थापताना तुटायची, खाताना घशाखाली उतरायची नाही. कामावर पोराबाळांना सुकडी मिळायची. ती गोड असायची म्हणून तिची आठवण अजून लोक काढतात.

पण आई आणखी एक सांगते, ते कुठल्या पुस्तकात मला दिसलं नाही. आजीनं एका गाडग्यात राखेत कालवून हुलगा ठेवला होता, बियाण्याचा. बहात्तरच्या हिवाळ्यात तो उघडला. रोज मूठभर हुलगा भाजून, दळून, पाण्यात शिजवून त्याचं माडगं. त्यात चिगळ किंवा तांदुळजा मिळाला तर मिळाला. घरात सात माणसं होती. सातही जगली. आजीनं शेवटची दोन मुठी मात्र शिजवली नाही. पुढच्या पावसाला ती पेरली.

*मग आपण ते सोडलं का?*

आता माझा गुन्हा सांगतो. दहावी झालो तेव्हा घरात माडगं केलं की मी ताट सरकवायचो. मित्र म्हणायचे हुलगा घोड्याचं खाणं. इंग्रजीतही त्याचं नाव घोड्यावरूनच आहे. पाहुणे आले की गव्हाची पोळी आणि भात. बाजरी गरिबाची, हुलगा त्याहून गरिबाचा. हा हिशोब आमच्या डोक्यात पक्का बसला होता.

त्याला कारणंही तशीच होती. साठच्या दशकात संकरित ज्वारी-बाजरी आली, उत्पन्न वाढलं. पण ते वाण एकट्यानं पेरायचे, त्यामुळे बाजरीत टाकायची हुलगा-मटकीची, तुरीची, अंबाडीची ओळ गेली. संकरित बाजरीवर सत्तरच्या सुमाराला गोसावी रोग असा पडला की कणसाच्या जागी पानांचा झुपका. पुढं चासकमानचं पाणी तालुक्यात आलं, नदीला बंधारे झाले, मोटारी बसल्या. पाणी आल्यावर माळावरही ऊस गेला. मीही लावला. उसानं पैसा दिला, पोरांची शिक्षणं झाली, घराला स्लॅब पडला. त्याला नावं ठेवणार नाही.

रेशनही बदललं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात माणशी महिना ५ किलो धान्य आहे. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरड धान्य १ रुपया किलो असे दर ठरले आणि २०२३ पासून तर ते फुकटच झालं. कायद्यात भरड धान्य आहे, पण पिशवीत बहुतेक वेळा गहू आणि तांदूळच येतो. गरिबाचं पोट त्यानं भरलं, हे मोठं काम आहे. पण डाळ आणि पाला? तिथं आपण पुन्हा १८७७ च्या भांडणाशी येऊन थांबतो.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायका रक्तानं कमी निघाल्या. माझी लेक त्यातलीच एक.

आता मुद्द्याचं सांगतो. हुलग्याला केंद्राचा हमीभाव नाही. मटकीलाही नाही. तूर, मूग, उडीद, हरभरा, मसूर यांना आहे, या दोघांना नाही. पूर्वी ज्याला भाव नव्हता ते सावकारानं नेलं नाही, व्यापाऱ्यानं उचललं नाही, म्हणून ते घरात राहिलं आणि आपण जगलो. आणि भाव नाही म्हणूनच आम्ही ते पेरायचं सोडलं. जी गोष्ट आपल्याला वाचवत आली, तिलाच आपण फालतू ठरवलं. दुसऱ्या कुणाला दोष देऊन उपयोग नाही, पाभर माझ्याच हातात होती.

*ताटाचा हिशोब*

आता खर्चाचं बोलू. दुकानाचा भाव गावागणिक वेगळा, म्हणून २०२५-२६ चे हमीभाव धरतो. बाजरी २७७५ रुपये क्विंटल, मूग ८७६८, भुईमूग शेंगा ७२६३.

एका मोठ्या माणसाला एका दिवसाला :
– बाजरी ३०० ग्रॅम, सुमारे ८ रुपये ३० पैसे
– मूग ६० ग्रॅम, सुमारे ५ रुपये ३० पैसे
– शेंगदाणे ३० ग्रॅम (शेंगांचा उतारा ७० टक्के धरून), सुमारे ३ रुपये १० पैसे

सगळे मिळून १७ रुपयांच्या आत. यातून प्रथिनं मिळतात ५४ ग्रॅमच्या आसपास, आणि मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण ५० ते ५५ ग्रॅमची. दुकानातून घेतलं तर पंचवीस-तीस धरा. तेवढ्यात पावडरीचे दोन चमचेही येत नाहीत. मुगाच्या जागी हुलगा किंवा मटकी घातली तरी हिशोब फारसा हलत नाही. हुलग्यात १०० ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, ७ ते ८ मिलिग्रॅम लोह आणि पावणेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम. बाजरीत लोह ५ ते ६ मिलिग्रॅम. पांढऱ्या तांदळात एकसुद्धा नाही.

भाजी मी हिशोबात धरली नाही, कारण ती बांधावर आहे. तांदुळजा, चिगळ, पाथरी, कुरडू, शेवग्याचा पाला. मात्र तणनाशक मारलेल्या बांधावरची भाजी खाऊ नका. आमच्या बांधावर तीन वर्षं फवारणी होती, तिथं तांदुळजा उगवला तरी आई हात लावत नव्हती.

आता चार गोष्टी, ज्या मलाही उशिरा कळल्या :

१. वनस्पतीतलं लोह अंगाला कमी लागतं. जेवताना लिंबू पिळा किंवा आवळा खा, मग जास्त लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला की उलटं होतं. तासभर थांबा. आमच्या घरात हा नियम पाळणं सगळ्यांत अवघड गेलं, आणि सगळ्यांत जास्त मलाच!

२. हुलगा, मटकी, मूग भिजवून मोड आणून खा. पचायला हलकं पडतं आणि लोहही जास्त मोकळं होतं.

३. बाजरीचं पीठ आठवड्याचंच दळा. बाजरीत तेलाचा अंश जास्त, जुनं पीठ कडू लागतं. मग पोरं म्हणतात बाजरी कडू असते. बाजरी कडू नसते, आपलं पीठ जुनं असतं.

४. रक्त कमी असलं तर डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका. ताट हे गोळीच्या जोडीला आहे, गोळीच्या बदल्यात नाही. गरोदर बाईनं आणि मुतखडा असलेल्यानं आधी डॉक्टरांना विचारावं.

माझ्या लेकीचं हिमोग्लोबिन पाच महिन्यांनी ११.६ झालं. ते गोळ्यांनी झालं की ताटानं, हे मी सांगू शकत नाही. दोन्ही चालू होतं. पण एक सांगतो, आता ती डब्यात बाजरीची भाकरी आणि शेंगोळे नेते आणि तिच्या मैत्रिणी मागून खातात. ज्या खाण्याची मला तिच्या वयात लाज वाटायची, ते ती उघडून चारचौघांत खाते.

*यंदाचं*

आता शेताचं. यंदा उसाचा अर्धा एकर मोडला. त्यात वीस गुंठे बाजरी केली, वाण धनशक्ती. याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. आफ्रिकेतल्या टोगो देशातल्या गावरान बाजरीतून हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत निवड करून आयसीटीपी ८२०३ हा वाण निघाला, १९८८ पासून तो आपल्याकडे आहे. त्यातूनच जास्त लोहाची कणसं निवडून धनशक्ती तयार झाली, आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचाही त्यात हात आहे. २०१२ ला ती महाराष्ट्रात आली. लोह १०० ग्रॅमला ७ मिलिग्रॅमच्या आसपास. संकरित नाही, सुधारित आहे, म्हणजे बी घरचं धरता येतं. चांगली कणसं शेताच्या मधोमधून निवडायची, एवढीच काळजी.

विहिरीवरच्या बरड दहा गुंठ्यांत हुलगा टाकला. खत नाही, फवारणी नाही, एक खुरपणी. पाखरांनी बाजरी बरीच खाल्ली, ते खरं. हुलगा काढताना शेंगा फुटून बराच सांडला, तेही खरं. मळणी काठीनं झोडपून केली, खांदे भरून आले. निव्वळ पैशाचा हिशोब मांडला तर त्या अर्ध्या एकरात उसानं मला जास्त दिलं असतं. पण वर्षाचा घरखर्चाचा किराणा आणि लेकीचा तो बाराशे रुपयांचा डबा वजा केला, की तफावत बरीच कमी होते. आणि गुळी म्हशींनी खाल्ली, तिचा हिशोब मी अजून लावलाच नाही.

सगळा ऊस मोडा असं मी कुणाला म्हणणार नाही. मीही मोडलेला नाही. कर्ज उसावर फिटतं, हे मला ठाऊक आहे. माझं म्हणणं एवढंच, की ज्याच्याकडे चार एकर आहे त्यानं दहा गुंठे स्वतःच्या ताटासाठी ठेवावेत. आणि ज्याला शेत नाही, त्यानं बाजारात गेल्यावर महागड्या पाकिटांच्या आधी बाजरी, मोडाचं कडधान्य, शेंगदाणे आणि एक पालेभाजी पिशवीत टाकावी. मग पैसे उरले तर खजूर जरूर घ्या, खजूर वाईट नाही.

कृषी सहायक आणि विद्यापीठाची मंडळी वाचत असतील तर त्यांना एक विचारायचं आहे. हुलग्याच्या शेंगा फुटू नयेत म्हणून काढणी नेमकी कधी करावी? शेंगा पिवळ्या पडल्यावर की पान पूर्ण झडल्यावर? सीना किंवा माण वाणाचं बी कुणाकडे असेल तर तेही कळवा. माझ्याकडचा गावरान आहे, बारीक, तांबूस दाण्याचा.

परवा हुलगा कणगीत भरताना आईनं त्यातली दोन मुठी बाजूला काढली आणि गाडग्यात राख कालवून ठेवली. मी म्हटलं, आई, आता पत्र्याची टाकी आहे, गोळी टाकली की कीड लागत नाही. ती म्हणाली, "तुझी टाकी खायाला. ह्ये पेरायला." गाडगं आता लेकीच्या खोलीतल्या फळीवर आहे. तिला सांगून ठेवलंय, याला हात लावायचा नाही.

चला, मोटारीची लाईट आली. राम राम.